भाषण चालू, मोटर बंद

पुढच्या रांगेत बसलेल्या बालमित्रांनो, जरा इकडे लक्ष द्या. व्यासपीठामागे रंगीत फिती गुंडाळलेला जुना वाफेचा वीजसंच आहे ना, तो मीच. आज मला रोजच्या कामातून निरोप देण्याचा समारंभ आहे आणि माझा जीव टांगणीला लागला आहे.

एका मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला. माझा पोलादी दांडा घासून घासून अगदी सरळ केला आणि मला इथे आणले. कोळसा जळायचा, पाण्याची वाफ व्हायची, वाफ माझ्या दांड्यावरची पाती फिरवायची आणि गावभर दिवे लागायचे. आम्ही चार भाऊ होतो. तिघे भंगारात गेले. आता टेकडीवर पवनचक्क्या आहेत, माळावर सौर पॅनेल आहेत. त्यांचा मला मुळीच राग नाही. आमच्या धुराने दोरीवरचे कपडे काळे पडत. ती पोरे आली, बरेच झाले. पण वारा पडला आणि ढग आले, की त्यांचे हातपाय गळतात. अशा दिवसांसाठी, मोठ्या बॅटऱ्या येईपर्यंत, मला राखून ठेवायचे ठरले आहे. याच आशेवर मी आहे.

मला सांभाळतो तो कानमामा. स्क्रू-ड्रायव्हरचे टोक माझ्या अंगाला आणि मूठ स्वतःच्या कानाला लावून तो माझे दुखणे ओळखतो, म्हणून हे नाव. कालच माझी वाफ बंद केली. पण माझा दांडा अजून कित्येक दिवस तापलेला राहील. तोवर एका लहान मोटरने तो हळूहळू फिरवत ठेवावा लागतो. थांबला, की खालची बाजू आधी निवते आणि दांडा वाकतो. तो वाकला, की माझा कारभार आटोपला.

ती मोटर फार घरघर करते. आज मामाची बायको पहिल्यांदाच इथे आली आहे. व्यासपीठावरून साहेब मामाचे कौतुक करू लागले, तशी ती कुजबुजली, "अहो, तुमच्याबद्दल बोलतायत वाटतं. मला तर काहीच ऐकू येत नाहीये."

मामा वायरमनकडे वळला. "बंद कर रे ती जरा."

"मामा, तापलाय अजून."

"पाच मिनिटांत काय होतंय? मी आहे ना. लगेच लावू परत."

मोटर थांबली. माझ्यासाठी भरल्या ताटावरून उठून धावत आलेला हा माणूस. बायकोच्या कानावर आपले नाव पडावे, एवढेच त्याला हवे होते. त्याला मी काय बोलणार?

पण एक भाषण संपले, दुसरे झाले, तिसरे रंगात आले आहे. "वारा पडू दे, ढग येऊ दे, आपला हा म्हातारा खंबीर आहे!" टाळ्यांचा कडकडाट होतो, आणि इकडे माझ्या पोटात दांडा वाकू लागला आहे. वायरमन चहा सांगायला बाहेर गेला. मामा रुमालाने डोळे पुसतो आहे, त्याला कशाचेच भान नाही.

मित्रांनो, ढगाळ दिवशी मी फिरलो नाही, तर दवाखान्यातली यंत्रे बंद पडतील. आणि हे कोणामुळे झाले, ते मामाला त्याच क्षणी कळेल. ते मनात घेऊन तो कसा जगेल?

यंत्रांची हाक मुलांनाच ऐकू येते म्हणतात. खरे असू दे. अजून थोडा वेळ आहे. माझे कौतुक पुरे झाले, आता मला सांभाळा. मामा रडतो आहे म्हणून संकोच करू नका. उठा, त्याची बाही ओढा आणि त्या बंद मोटरकडे बोट दाखवा. बाकी त्याला कळेल.