धुऊन ठेवलेली जागा

आमचे पाद्री सोफो अकुम यांचं निरूपण रंगात आलं, की मधल्या बाकावरून आबामाय उठायची आणि त्यांचंच वाक्य सुरात उचलायची. सोफो थांबायचे. तिच्या शेवटच्या शब्दावर आम्ही सगळे पालुपद धरायचो. साल्टपाँड या किनाऱ्यावरच्या गावातल्या आमच्या चर्चमध्ये मग समुद्रसुद्धा ऐकू यायचा नाही.

मग तिला पक्षाघाताचा झटका आला आणि तिची वाचा गेली. उरल्या तिच्या गाण्यांच्या जुन्या कॅसेटी. खाऱ्या हवेनं फिती इतक्या कुजलेल्या, की कोबिनानं त्या एकदा वाजवून कॉम्प्युटरवर उतरवल्या आणि त्या तुटल्याच. कोबिना आमच्याबरोबर गातो, बाजारात कॉम्प्युटर दुरुस्त करतो. चर्चच्या कॉम्प्युटरवर त्यानं सर्व्हर उभा केला. किनाऱ्यावरच्या कुठल्याही गावच्या मंडळीनं घरबसल्या आबामायची गाणी उतरवून घ्यावीत, हा बेत.

"पासवर्ड काय ठेवू, पापा?"

पापा ओटू, आमच्यातले सगळ्यात वडीलधारे, खवळले. "देवाच्या दाराला कुलूप? तुझ्या आज्यानं तरी लावलं होतं का रे?"

"बरं, नको कुलूप. निदान पुसायचा हक्क तरी माझ्याकडेच राहू द्या."

"म्हणजे पाहुण्याला आत घ्यायचं आणि हात बांधून बसवायचं! दुकानदार तो दुकानदारच."

सगळे हसले. कोबिनानं सगळ्यांना सगळे हक्क दिले. "दुसरी प्रत तरी काढून ठेवू या," तो म्हणाला.

"काढू की. ईस्टर होऊ दे."

ईस्टरच्या आधीच फोल्डर रिकामा झाला. कोबिनानं किनाऱ्यावरच्या अपाम गावाला फोन लावला. गाणी उतरवून घ्यायला सर्व्हरवर आतापर्यंत तेवढंच एक गाव आलं होतं. तिथले मंडळीप्रमुख एकोदादा खुशीत होते.

"घेतलं हो सगळं! आणि तुमची जागा स्वच्छ पुसून ठेवली. दुसऱ्याचं भांडं आपण उष्टं परत करतो होय?"

"एकोदादा, जरा वाजवून बघा."

पलीकडून एकामागून एक बटणं दाबल्याचे आवाज आले. मग त्यांचा आवाज बारीक झाला. "नावं सगळी आहेत रे. आत काही नाही. मधेच वीज गेली होती... नावं दिसली, मला वाटलं आलं."

पुसलेलं परत काढायला कोबिना झटला. पण रिकाम्या झालेल्या जागेवर कॉम्प्युटरनं रविवारच्या उपासनेचं चित्रण आपलं आपणच चढवलं होतं, त्याखाली जुनं कायमचं गेलं. अपामहून शोधून शोधून एक अर्धीमुर्धी फाइल तेवढी आली.

ती आम्ही ईस्टरला लावली. आबामायला पुढच्या बाकावर बसवलं होतं. सोफोंचा तरुणपणीचा आवाज म्हणाला, "कबरीवरची धोंड कोण लोटील?" आणि आबामायचा आवाज उठला: "धोंड जड आहे ग बाई, हात माझे..."

तिथेच संपलं.

आम्ही तोंडं उघडून उभे. शब्दच आला नाही, तर पालुपद धरायचं कशावर? सोफोंनाही आठवेना, ती दर वेळी नवंच जुळवायची. बाकावर तिचे ओठ हलले. तिला ठाऊक होतं पुढचं. पापा ओटू वाकले, तिच्या तोंडाशी कान नेला, आणि तसेच राहिले. नुसता श्वास.

देवाच्या कानात ते सगळं असेल, मला शंका नाही. आम्हाला मात्र आता चर्चमध्ये बसलं, की समुद्र ऐकू येतो.