न विरघळणारी होडी

वसंत परबांचा तळहात म्हणजे काय चीज होती, ते लालबागच्या गणपती कारखान्यांत कुणालाही विचारावं. मूर्ती साच्यातून निघून वाळली की रंगाआधीचं घासकाम त्यांचं. डोळे मिटून ते मूर्तीच्या पोटावरून हात फिरवायचे आणि हात जिथे अडेल तिथे पॉलिश पेपर चालवायचे. डोळ्यांची आखणी करणाऱ्यांचे फोटो पेपरात यायचे. घासणाऱ्याला कोण विचारतो! त्याचं वसंतरावांना काही वाटत नसे. त्यांना लागलं होतं ते दुसरंच, आणि तेही घरच्याच माणसाकडून.

"तुमच्या हातचं काय पण असो, अनंत चतुर्दशीच्या पुढे टिकत नाय," कौसल्याबाई एकदा भाकऱ्या थापता थापता म्हणाल्या होत्या. वसंतरावांनी ते हसण्यावारी नेलं, पण बायकोची थट्टा खरी असली की ती जास्तच लागते.

कौसल्याबाई मूळच्या मालवणकडच्या. त्यांचे वडील खाडीवर तरीची होडी चालवायचे, माणसं या काठावरून त्या काठावर न्यायचे, आणि अंगात ताप असला की वल्ही पोरीच्या हातात द्यायचे. मग लग्न झालं, परळची चाळ आली, आणि वल्ही सुटली ती सुटलीच. गेल्या दिवाळीत फराळाला बसल्या बसल्या त्या बोलून गेल्या, "डोळे मिटायच्या आधी एकदा वल्हं मारायला मिळालं ना, तर बरं होईल." वसंतरावांनी चकली संपवली आणि ते मोबाईलवर होडी बांधायचे व्हिडिओ बघत बसले.

दिवाळीनंतर कारखाना रिकामाच पडलेला असतो. मालकाने एक कोपरा दिला. पाण्यात टिकणारं प्लायवूड आलं, सांध्यांवर चिकटवायची फायबरची पट्टी आली, रेझिनचे डबे आले, आणि शिमग्यापर्यंत उपड्या घातलेल्या होडीने आकार धरला. वरळी कोळीवाड्यातला त्यांचा दोस्त गंगाधर येऊन टिचक्या मारून गेला. "वसंता, झकास रे! आता घास, अस्तर मार, रंग मार. पुढच्या रविवारी टेम्पो पाठवतो. वहिनींना माझ्या बंदरावरूनच उतरवू."

वहिनी मात्र ऐकायला तयार नव्हत्या. "मी नाय बसायची. गणपतीवाल्याच्या होडीत बसायला मी काय उंदीर आहे?" सगळी चाळ हसली, वसंतरावही हसले. पण ज्या माणसासाठी होडी बांधली तेच बसणार नसेल, तर ती कशाला हवी, हा विचार त्यांना रात्री सोडत नसे.

म्हणून त्यांनी घासकामात जीव ओतला. होडी अशी गुळगुळीत करायची की बघूनच तिचा विश्वास बसला पाहिजे. आणि केलीही. कारखान्यातले रंगारी येऊन हात फिरवून गेले. "काका, मूर्ती आहे मूर्ती!" म्हणाले. वसंतराव दिवसभर हवेत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अस्तराचा डबा उघडून ते ब्रश शोधत होते, तेवढ्यात दारात कौसल्याबाई. हातात बादली, खांद्यावर जुन्या लुगड्याचं फडकं. एवढ्या महिन्यांत त्या पहिल्यांदाच आल्या होत्या. होडीभोवती एक फेरी मारून म्हणाल्या, "धूळ बसलीय. पुसून देते." वसंतरावांना आनंद लपवता येईना. ते पाठमोरे होऊन डब्यातलं अस्तर ढवळायला लागले. वळून बघतात तर बाई फडकं पाण्यात बुडवून होडीवरून फिरवतायत.

"अगो, ओलं नको! ओलं फडकं नाय लावायचं, सगळं उतरेल!"

ओरडले आणि जागच्या जागी थिजले.

कौसल्याबाईंनी फडकं बादलीत पिळलं. पाणी दुधासारखं पांढरं झालं. त्यांनी एकदा पाण्याकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे.

"अहो, ही पाण्यातच घालायची ना?"

झालं होतं ते असं. सांध्यांवरचे खळगे रेझिनने भरायचे, तर ते वाळलं की दगड होतं, घासता घासत नाही. मग वसंतरावांचा हात आपसूक फळीवरच्या जुन्या डब्याकडे गेला होता. खडूची पावडर आणि डिंकाचं पाणी. मूर्तीचा भराव तोच. लोण्यासारखा घासला जातो. कोरड्या ब्रशने धूळ झाडायची, वर रंग द्यायचा. पाण्यात गेला की तो सुटतो, आणि मूर्तीच्या बाबतीत तो सुटायलाच हवा. जन्मभराची सवय, डोक्याला न विचारता हाताने आख्ख्या होडीला तेच फासलं होतं.

"अस्तर बसलं की आत पाणी जाणार नाय," ते म्हणाले. स्वतःच्याच कानाला ते पोकळ वाटलं. पण उघडा डबा समोर होता, टेम्पो ठरला होता, आणि रंगाखाली काय आहे ते कुणालाच दिसणार नव्हतं.

कौसल्याबाई स्टुलावर टेकल्या. त्यांचा आवाज चढला नाही. "मी आज आले ती बसायचं ठरवूनच आले होते."

वसंतरावांनी डब्याचं झाकण ठोकून बंद केलं आणि पत्रा घेऊन खरवडायला सुरुवात केली. पांढऱ्या भुकटीचे ढीग पडले. खाली पट्टी घट्ट होती, पण वाकडीतिकडी. रेझिनच्या गाठी, खळगे, सगळं उघडं पडलं. ज्याचा जन्म घासकामात गेला, त्याच्याच होडीच्या तोंडावर देवीचे वण! त्यांना रडूच यायचं बाकी राहिलं. मग प्रत्येक खळगा रेझिनने भरला, वाळू दिला, घासला. पेपर झिजायचा, बोटं सोलायची, रेझिन तसंच. रोज संध्याकाळी कौसल्याबाई येऊन तांब्याभर पाणी होडीवर ओतायच्या, फडक्याने खसाखसा पुसायच्या आणि फडकं उजेडात धरायच्या. ते स्वच्छ निघालं की मान हलवून घरी जायच्या. रविवार गेला, टेम्पो पुढे ढकलला. शेवटी राखाडी अस्तर चढलं, त्यावर निळा रंग, आणि चकाकीत तर एकेक उंचवटा जास्तच उठून दिसायला लागला.

"हे काय रे?" गंगाधर बंदरावर टेम्पोतून होडी उतरवून घेताना म्हणाला. "घासकामवाला ना तू?"

"बसणारीला विचार," वसंतराव म्हणाले.

बसणारीने पदर खोचला होता. तिने डोळे मिटले आणि थेट नवऱ्यासारखा होडीवरून तळहात फिरवला. "खरखरीत आहे."

"हो."

"असू दे. धरायला बरी," म्हणून त्या आत चढून बसल्या.

गंगाधरने एका बाजूने आणि वसंतरावांनी दुसऱ्या बाजूने होडी ढकलली. ती जरा डुलली, मग सरळ झाली. कौसल्याबाईंनी वल्ही पाण्यात घातली, आणि त्यांचे खांदे असे हलले की जणू कालच खाडीवरून आल्या होत्या. वसंतराव गुडघाभर पाण्यात उभे राहून बघत होते. पाण्यात काहीतरी सोडलं की पुढे काय करायचं, हे त्यांच्या हातांना पाठ होतं. हात जोडले गेले. नमस्कार करून ते मागे वळलेसुद्धा.

"अहो!" पाण्यावरून हाक आली. "नमस्कार कसला करताय? पुढच्या वर्षी लवकर या म्हणाल आता! मी काय बुडायला निघालेय?"

गंगाधर पोट धरून हसायला लागला. कौसल्याबाईंनी एक वल्हं उलटं मारून होडी वळवली आणि वसंतरावांच्या कमरेपाशी आणून लावली.

"बसा आधी."

गुडघाभर पाण्याच्या पुढे वसंतराव आयुष्यात कधी गेले नव्हते. गंगाधरचा खांदा धरून ते कसेबसे चढले आणि दोन्ही हातांनी कडा घट्ट धरून बसले. किनारा मागे पडायला लागला, तेव्हा त्यांनी एक हात सोडवून हळूच खाली नेला आणि होडीच्या आतल्या तळावर तळहात टेकवला.

कोरडा होता.