दोन भिंगांचा कॅमेरा

थोरलीनं पर्समधून फोटोचं पाकीट काढून टेबलावर टाकलं आणि चप्पल न काढताच खुर्चीत बसली.

"घे. तुझ्या धंद्यातल्या माणसाचं काम."

धाकटीनं चष्मा पुसला आणि फोटो उजेडाकडे धरला. पेन्शनच्या नव्या ओळखपत्रासाठी काढलेले आठ फोटो. आठांतही केस थोरलीचे, नाक थोरलीचं, पण डावा गाल सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखा गुळगुळीत. कानापासून हनुवटीपर्यंत उतरलेला भाजल्याचा डाग, जो थोरलीच्या चेहऱ्यावर गेली साठ वर्षं होता, तो कुठेच नव्हता.

"मी सांगितलं नव्हतं हं त्याला," थोरली म्हणाली. "आपणहून पुसला. वर म्हणतो, आजी, याचे वेगळे पैसे नाहीत. आणि तिकडे ऑफिसातली बाई म्हणते, हा फोटो तुमचा नाही, चेहरा जुळत नाही. मागे अख्खी रांग ऐकत होती."

"उद्या दुसरीकडे काढू. मी येते बरोबर."

"माझी मी जाईन. पण तुम्हा लोकांचे हात शिवशिवायला लागले की माझाच गाल सापडतो का गं?"

एवढं बोलून ती आत गेली. चाळीस वर्षं एका छपराखाली काढून थोरलीनं हा विषय काढला तो आज पहिल्यांदा.

धाकटी फोटो स्टुडिओत रिटचिंग करायची. तिरप्या टेबलाच्या काचेवर निगेटिव्ह ठेवायची, खालून दिव्याचा उजेड, वर भिंग, आणि सुईसारखी टोक काढलेली पेन्सिल. लोकांच्या देवीचे व्रण, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, कपाळावरच्या आठ्या असं सगळं ती ठिपक्याठिपक्यानं भरून काढी. कॅमेऱ्याला मात्र मालकांनी तिला कधी हात लावू दिला नाही. "तुमचं काम फोटो काढून झाल्यावर सुरू होतं," असं ते म्हणत, आणि स्टुडिओ बंद होईपर्यंत ते काही बदललं नाही.

ती तेवीस वर्षांची असताना वडील तिच्याजवळ थोरलीची निगेटिव्ह घेऊन आले होते. परगावचं स्थळ होतं. "बघ जरा," ते म्हणाले, "काही करता येतं का." धाकटीनं तीन संध्याकाळी खपून काम केलं. नुसता डाग झाकला नाही. उजव्या गालावर सावली जशी पडली होती तशीच डाव्या गालावर उतरवली. मालकांनी प्रिंट बघून तिला पहिल्यांदा शाबासकी दिली. "सोन्याचे हात आहेत," म्हणाले. त्या दिवशी ती हवेत चालत घरी आली होती.

मग ते लोक मुलगी बघायला आले. थोरली बाहेर येऊन बसली. नवऱ्या मुलानं तिच्याकडे पाहिलं, खिशातून फोटो काढून त्याच्याकडे पाहिलं, आणि अगदी सभ्यपणे, आवाज न चढवता विचारलं, "फोटोतली मुलगी बाहेर येणार आहे ना?"

वडिलांची मान खाली गेली. थोरली उठली. "ती घरी नाही," असं म्हणून ती आत निघून गेली.

वर्षभरात तिला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी लागली. तिथं चेहरा लागत नव्हता, आवाज लागत होता, आणि तो तिला होता. पुन्हा तिनं स्थळ बघू दिलं नाही. धाकटीलाही दोनदा विचारणा झाली. "ताईचं झाल्याशिवाय नाही," असं ती म्हणाली. ओळखीतला एक मुलगा त्यावर दोन वर्षं थांबला, मग थांबायचा थांबला. थोरलीचं राहिलं म्हणून धाकटीचंही राहिलं, असं लोक म्हणत. खरं कारण तिनं कुणाला सांगितलं नाही. आपण एक पाप केलंय आणि ते फेडायचंय, एवढंच तिला कळत होतं. आई-वडील गेल्यावर दोघी दोन खोल्यांत राहिल्या. बोलणं भाजीचं, गॅसचं, औषधाचं. थोरलीनं त्यानंतर नोकरीच्या कागदांपुरता सोडला तर एकही फोटो काढू दिला नव्हता.

पेन्शनचं काम पुढच्या आठवड्यात झालं. दुसऱ्या दुकानात काढलेला फोटो ऑफिसनं घेतला. पण धाकटीच्या मनातून ते "तुम्हा लोकांचे हात" जाईना.

महिन्याभरानं जुन्या बाजारात, मोडक्या पंख्यांच्या आणि नळांच्या ढिगात तिला तो कॅमेरा दिसला. एकावर एक दोन भिंगं असलेला, डब्यासारखा. वरच्या भिंगातून बघायचं, खालच्यातून फोटो निघायचा. मालकांकडे असाच होता. याचं कातडं सुटून लोंबत होतं, एका कोपऱ्याला पोचा होता, भिंगात कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरली होती.

"शोपीस आहे, बाई," भंगारवाला म्हणाला. "चालत नाही. टीव्हीजवळ ठेवा, छान दिसतो."

"चालवायचाय मला."

"मग नका घेऊ," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

तिनं घासाघीस न करता घेतला. घरी थोरलीनं वर्तमानपत्रावरून एक नजर टाकली. "आता? वरातीमागून घोडं," ती म्हणाली, आणि पान उलटलं.

घड्याळं आणि कॅमेरे दुरुस्त करणारा एकच म्हातारा गावात उरला होता. सगळे त्याला डॉक्टर म्हणत. जिन्याखालच्या त्याच्या खोलीत बंद पडलेली भिंतीवरची घड्याळं होती आणि प्रत्येकात वेगळी वेळ होती. डॉक्टरांनी कॅमेरा उलटसुलट केला, बटण दाबलं, कानाशी धरला.

"जिवंत आहे," ते म्हणाले. "पण मी नाही करू शकत."

"का?"

त्यांनी उजवा हात पुढे धरला. बोटं एकसारखी थरथरत होती. "दोन वर्षं झाली. यानं चहाचा कप धरता येत नाही, एवढासा स्क्रू कुठून धरणार?"

धाकटीनं आपला हात त्यांच्या हाताशेजारी धरला. ती त्रेसष्ट वर्षांची होती, आणि अजून पहिल्या फटक्यात सुईत दोरा ओवत होती. तो हात जराही हलला नाही.

डॉक्टरांनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "काय करत होतात?"

"रिटचिंग."

"बसा," ते म्हणाले. "डोकं माझं, हात तुमचे. आणि मी ओरडलो तर वाईट वाटून घ्यायचं नाही."

ते ओरडत. भरपूर ओरडत. रोज सकाळी दहाला ती जाई आणि दुपारी जेवायला परते. पहिले चार दिवस नुसते स्क्रू काढण्यात गेले. काढलेला प्रत्येक स्क्रू कागदावर, त्याखाली त्याची जागा लिहून. आरसा काळवंडला होता तो बदलला. शटरची पानं उघडत होती, पण संथ वेगाला अर्ध्यात अडकत होती.

"तेल घालू का थोडं?" तिनं विचारलं.

"खबरदार! तेलानंच मारलंय त्याला. आधीच्या कुणीतरी मायेनं घातलं असणार. ते सुकून आता डिंक झालाय. तेल काढायचंय आपल्याला, घालायचं नाही."

बारीक चक्रं पेट्रोलमध्ये धुऊन, पिसानं पुसून परत बसवताना एक स्प्रिंग उडाली. केसाएवढी. दोघंही फरशीवर गुडघ्यावर आले आणि टेबलाखाली चाचपू लागले.

"हलू नका! श्वाससुद्धा हळू घ्या!"

"डॉक्टर, तुम्हीच हलताय."

"मी हलणारच, मला रोग आहे!"

मग दोघंही हसायला लागले, इतके की उठता येईना. स्प्रिंग शेवटी धाकटीच्या पदराला अडकलेली सापडली. घरी परतताना तिच्या लक्षात आलं की आपण असं हसून किती वर्षं झाली ते आठवत नाही. तिला अपराध्यासारखं वाटलं, आणि दाराशी येईपर्यंत तिनं चेहरा नेहमीसारखा करून घेतला.

भिंगांची बुरशी बरीचशी निघाली. खालच्या भिंगाच्या कडेला मात्र पुसट जाळं उरलं. ती कापसानं पुन्हा पुन्हा घासू लागली.

"पुरे," डॉक्टर म्हणाले. "ती काचेत उतरलीय. आणखी घासाल तर काच जाईल. राहू द्या, फोटो येतो तिच्यासकट."

सातव्या आठवड्यात डॉक्टरांनी वेगाची चकती एक सेकंदावर लावून बटण दाबलं. पानं उघडली, आत चक्रं बारीक गुरगुरली, आणि पानं मिटली. त्यांनी फ्रीजमधून एक रोल काढला. "मुदत कधीच संपलीय. आपल्यासारखीच. बारा फोटो निघतील. स्टँडही न्या माझा. धुवायला इकडे आणा, न्हाणीघर अजून अंधारं करता येतं माझं."

रविवारी सकाळी धाकटीनं खिडकीजवळ खुर्ची मांडली.

"ताई, जरा बसतेस?"

थोरली तांदूळ निवडत होती. "कशाला?"

"तुझा फोटो काढायचाय. आहे तसा. काही न पुसता."

थोरली ताट बाजूला ठेवून, हात झटकून उठली आणि खुर्चीत येऊन बसली. धाकटी या होकारासाठी तयारच नव्हती. तिची स्टँड लावताना धांदल उडाली.

वरून मान खाली घालून तिनं काचेत पाहिलं. या कॅमेऱ्यात डाव्याचं उजवं दिसतं; डाग दुसऱ्याच गालावर गेला होता. आरशात थोरलीला तो रोज असाच दिसत असणार. धाकटी चाक फिरवून चेहरा स्पष्ट करू लागली. डोळे भरून आल्यामुळे तो पुन्हा पुन्हा पुसट होत होता.

"ताई, मला बोलायचंय. तेव्हा मी जे केलं—"

"तो फोटो मी बघितला होता," थोरली म्हणाली.

"त्या माणसाच्या हातात?"

"त्याच्याही आधी. बाबांनी पाकिटात घालायला माझ्याकडेच दिला होता. पत्ता माझ्या अक्षरात होता."

धाकटीनं काचेवरून मान वर केली.

"फाडून टाकता आला असता," थोरली खिडकीकडे बघत म्हणाली. "बाबांना सांगता आलं असतं, हे पाठवू नका. दुपारभर बघत बसले. इतकी छान दिसत होते गं मी. वाटलं, कोण जाणे, त्याला असंच दिसेल. मग चिकटवलं पाकीट. स्वतः जाऊन पेटीत टाकलं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"विचारलंस कधी?"

"मी चाळीस वर्षं..." धाकटीचा आवाज चिरकला. "मी लग्न नाही केलं, ताई! तुझ्यासमोर हसतसुद्धा नव्हते मी!"

"दिसत होतं की मला," थोरली म्हणाली. तिचा आवाज तसाच होता, टेलिफोनवरचा, स्वच्छ, सपाट. "तू तोंड पाडून फिरायचीस. मला बरं वाटायचं. तुझी चूक असली की माझी नव्हती. आधी वाटलं, एखाद महिन्यानं सांगू. मग वर्ष झालं. मग तो मुलगा थांबला होता तुझ्यासाठी, तेव्हा दोनदा तोंडाशी आलं. नाही सांगितलं. तू गेली असतीस, मी एकटी पडले असते."

खालच्या रस्त्यावरून एक गाडी गेली आणि खिडकीची काच थरथरली. धाकटीला वाटलं, कॅमेरा उचलावा आणि भिंतीवर आपटावा. तिनं हात स्टँडवर ठेवले. ते थरथरत नव्हते. याचाच तिला राग आला.

"हनुवटी जरा वर," ती म्हणाली.

थोरलीनं हनुवटी वर केली. धाकटीनं बटण दाबलं. मग पुढचा. मग त्याच्या पुढचा. "इकडे बघ. मान सरळ." बाराच्या बारा फोटो तिनं काढले. एकदाही "जरा हस" म्हणाली नाही, आणि थोरलीनं एकदाही पुरे म्हटलं नाही. संपल्यावर थोरली उठून तांदळाच्या ताटाकडे गेली.

डॉक्टरांच्या न्हाणीघरात तांबड्या दिव्याखाली धाकटीनं एक प्रिंट केला. रसायनाच्या पाण्यात कागदावर चेहरा हळूहळू वर आला. डाग जसा होता तसा, दोरीसारखा वळलेला, आणि त्याच्यावर दोन डोळे थेट भिंगाकडे बघणारे. डॉक्टरांनी वाकून पाहिलं.

"कोण या?"

"माझी बहीण."

"कणखर दिसतात."

"हो," धाकटी म्हणाली. प्रिंट वाळत घालताना तिनं विचारलं, "ती भिंतीवरची घड्याळं अशीच पडून राहणार का?"

"हात कुठायत?"

"उद्यापासून दिवसभर येते."

प्रिंट तिनं घरी नेऊन थोरलीच्या हातात दिला. थोरलीनं तो लांब धरला, जवळ आणला, चष्मा लावून पुन्हा पाहिला. धाकटी तिच्या तोंडाकडे बघत उभी होती. डागाबद्दल ती आता काय बोलेल, याची तिला अजूनही धास्ती होती. थोरलीची नजर डागावर थांबलीच नाही. ती गळ्यापाशी गेली, डोळ्यांखाली गेली, पांढऱ्या केसांवर गेली.

"मी एवढी म्हातारी कधी झाले?" तिनं विचारलं.

ते तिनं खरोखरच विचारलं होतं, टोमणा नव्हता. धाकटीजवळ उत्तर होतं. ते न देताच ती स्वयंपाकघरात गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटीनं जेवणाचा डबा भरला. एकच. थोरलीचं ताट झाकून ठेवलं. ती चप्पल घालत असताना थोरली आतून दारापर्यंत आली.

"किती वाजता येशील?"

इतक्या वर्षांत तिनं हे कधी विचारलं नव्हतं. विचारायची गरजच पडली नव्हती.

"काम संपलं की," धाकटी म्हणाली. ती कठड्याला धरून एकेक पायरी सावकाश उतरली. वर दार बऱ्याच वेळानं लागलं.