रंग उतरतोय तोवर

पंचगंगेच्या पाण्यावरून धुकं उठलं. धूसरवसन, मंदचरण, ओलेत्या केसांचं धुकं. ते घाट चढलं, उसाच्या पात्यांवरून घसरलं, गल्लीत शिरलं आणि कौलांखाली ठाण मांडून बसलं. पौषातला सूर्य उगवला म्हणे. कुणी पाहिला नाही. दुपार झाली तरी अंगणात पहाटच होती.

सारी गल्ली त्या धुक्याच्या नावानं बोटं मोडत होती. कारण या गल्लीत ऊन नुसतं पडत नाही, कामाला येतं. ओल्या कातड्यावर बसतं, पाणी उचलतं, रंग मुरवतं. ऊन नसलं की इथले हात रिकामे आणि कातडी वाळत घालायच्या दोऱ्या ओल्या. त्या दिवशी साऱ्या दोऱ्या ओल्या होत्या.

ओल्या दोऱ्यांच्या त्या गल्लीत, शेवटच्या घरात, खिडकीजवळच्या बाजेवर भैरू निजला होता. शीर्णकाय, शुष्ककंठ, श्वासाश्वासाला झिजणारा भैरू. छातीत भाता होता, भात्यात वारा उरला नव्हता. दवाखान्यानं घरी न्या म्हटलं, तेव्हा घरी आणलं होतं. बाजेपाशी त्याची बहीण आनसाक्का बसली होती, आणि उंबऱ्याशी, उजेड जेवढा होता तेवढ्यात, त्याची मुलगी वैजयंता.

वैजयंताच्या मांडीवर कातड्याचा एक तुकडा होता. पान-तंबाखू ठेवायच्या चंचीचा. एवढासाच, मिटलेल्या मुठीत मावावा एवढा. तिच्या हातचं पहिलं काम.

भैरूनं उभा जन्म कातडं रंगवलं. त्याचे तळहात कषायरंगी, काताच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखे तांबूस. रेषारेषांत रंग, नखानखांत रंग. जेवायला बसला तरी रंग, देवाला हात जोडले तरी रंग. लग्नाकार्यात तो ते हात सदऱ्याच्या खिशात लपवी, आणि घरी आला की त्याच हातांनी मुलीचं तोंड कुरवाळी. त्या हातांचा त्याला अभिमान होता आणि त्या हातांची त्याला लाज होती. दोन्ही खरं होतं.

म्हणून तर त्यानं वैजयंताला रंगाच्या भांड्याजवळ कधी फिरकू दिलं नाही. "हात रंगलं की लोक हात बघून गल्ली वळखत्यात, पोरी," म्हणायचा. मुलगी दाराआडून बघत राहिली. बघता बघता मोठी झाली. तिचे हात गोरे राहिले, आणि लोकांनी गल्ली ओळखायची ती ओळखलीच.

मग दुखणं आलं. भैरूचं काम सुटलं, आणि कामामागोमाग हळूहळू रंग सुटला. नखं वाढली, कापली, वाढली. प्रत्येक कापणीबरोबर थोडा थोडा रंग गेला. रेषा फिकट झाल्या. तळवे धुऊन ठेवलेल्या ताटासारखे स्वच्छ झाले. ज्या हातांनी जन्मभर लाज आणली, ते हात असे निर्मळ झाल्यावर त्याला सुख वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

तो ते हात वाकळेखाली लपवू लागला. एकदा वैजयंतानं औषधासाठी हात बाहेर काढला, तर तो त्याच्याकडे परक्याकडे बघावं तसा बघत राहिला.

"ह्यो कुणाचा हात हाय गं?" त्यानं विचारलं.

तिला हसू आलं नाही. त्याच दिवशी तिनं माळ्यावरून भांडी-अवजारं उतरवली. कातडं कापायची रांपी, ठोकणी, रंगाची मडकी, मेणाची वाटी. धूळ झटकली. बाजेपाशी सारं मांडलं आणि म्हणाली, "शिकवा मला. आता कोण बघतंय माझं हात?"

भैरूनं नाही म्हणायला तोंड उघडलं, खोकला आला, आणि खोकला ओसरल्यावर नाही म्हणायचं राहून गेलं.

मग बाजेवरून शिकवणं सुरू झालं. श्वासागणिक शब्द, शब्दागणिक विसावा. बाभळीच्या सालीनं कमावलेलं कातडं आधी ओल्या फडक्यानं पुसायचं, म्हणजे ते रंग अधाशासारखा एका जागी पीत नाही. कापडाचा बोळा रंगात बुडवायचा, पिळायचा, आणि गोल गोल हात फिरवायचा. पातळ हात. पुन्हा पातळ हात. एकदम गडद करायला जायचं नाही. वैजयंतानं पहिल्यांदा कोरड्या कातड्यावरच रंग ओतला, आणि त्यावर गजकर्णासारखे डाग उठले. दुसऱ्यांदा बोळा पिळायची विसरली, ओघळ आले. भैरू बघायचा, मान हलवायचा आणि तुकडा बाजूला सारायचा. जमलं, असं एकदाही म्हणाला नाही.

तेवढा एक शब्द तिला हवा होता. घर नको, दार नको, दागिना नको. बापानं, तिच्या आबांनी, तिचं पुरं झालेलं काम हातात घ्यावं, उलटंपालटं करून बघावं आणि जमलं म्हणावं. ते जाण्याआधी नाही मिळाला तर तो शब्द पुढे जगात कुणाकडेच नव्हता.

आणि शिकवण्यात सगळ्यात शेवटी आलं ते मिटणं. रंग सुकला की वरून मेणाचा हात द्यायचा, चोळायचा, झळाळी येईतो चोळायचा. मग आतला रंग बाहेर येत नाही, बाहेरचं पाणी आत जात नाही. गल्लीतली बाकीची माणसं याला मेण देणं म्हणत. भैरू एकटाच म्हणे, कातडं मिटायचं. डोळे मिटावेत तसं. दमलेल्या माणसाचे.

"पर घाई करायची न्हाई," त्यानं बजावलं होतं. "पांढरं फडकं घ्यायचं. हलक्या हातानं पुसायचं. फडक्यावर रंग उतरतोय तवर... मिटायचं न्हाई. आत वल आसती. मिटलं तर ती आतच ऱ्हाती. मग ते कातडं जन्मभर सुकत न्हाई बघ."

बोलून तो कितीतरी वेळ धापा टाकत होता. एवढं लांबलचक बोलणं ते शेवटचंच.

आता मांडीवर ती चंची. शिवण आदल्या दिवशीच घातलेली, रंगाचे पातळ पातळ हात दिलेले, आणि रंग आला होता! काय आला होता! संध्येच्या ओठावरचा, पिकल्या सुपारीच्या गाभ्यातला, जुन्या विटेच्या काळजातला तो तांबूस. डाग नाही, ओघळ नाही. वैजयंताच्या डोळ्यांत पाणी तरळलं ते दुःखाचं नव्हतं.

तिनं पांढरं फडकं घेतलं, पुसलं. फडक्यावर रंग उतरला.

थांबली. धुकं बघत बसली. पुन्हा पुसलं. रंग उतरला.

धुकं कुठं जात नव्हतं. धुक्याला कुठं जायचं होतं? ते निवांत होतं, आळसावलेलं, दुसऱ्याच्या मरणाशी काही देणंघेणं नसलेलं. त्यानं अंगणभर ओल पसरली होती आणि त्या ओलीत रंग जागच्या जागी थिजला होता.

चुलीत निखारे होते. क्षणभर तिची नजर तिकडे गेली. पण जाळावर धरलेलं कातडं आकसतं, कुरकुरतं, आणि आबांच्या बोटांना ते लपून राहिलं नसतं. तिनं चंची पदराखाली पोटाशी धरली, अंगाच्या उबेला. लुगड्यावर तांबडा डाग पडला. मग तिनं फुंकर घातली. हळू, लांब, पुन्हा हळू, पुन्हा लांब. उंबऱ्याशी मुलगी कातड्यात श्वास भरत होती, आणि बाजेवर बापाचा श्वास सरत होता. फुंकरही दमटच होती. तिनं फुंकर थांबवली.

"वैजे," आनसाक्का आतून म्हणाली, आणि तिच्या आवाजात काहीतरी मोडलेलं होतं. "श्वास बदलला बघ ह्येचा. जवळ ये."

वैजयंतानं फडकं घेतलं. पुसलं. रंग उतरला. थोडा. अगदी थोडा. एवढा चालेल, असं तिनं मनाशी म्हटलं; आणि जे म्हटलं ते खोटं आहे हे तिला म्हणतानाच ठाऊक होतं.

तिनं मेणाची वाटी ओढली. बोटावर मेण घेतलं. आणि मिटलं. घाईघाईनं, चोळून चोळून मिटलं. क्षणभर चंची झळाळली, नवरीसारखी नटली. मग त्या झळाळीवर हळूहळू एक पांढुरकं सावट आलं, डोळ्यात मोतीबिंदू उतरावा तसं. आत राहिलेली ओल मेणाखाली घुसमटत होती. ती पुसायला वेळ नव्हता.

"आबा," ती बाजेपाशी बसली. "आबा, बघा. झाली."

भैरूनं डोळे उघडले. आनसाक्कानं वाकळेखालून त्याचा हात काढून दिला. तो लपवलेला, निर्मळ, परका हात. वैजयंतानं त्या हातावर चंची ठेवली आणि बोटं तिच्याभोवती आवळली. हात तापानं कढत होता, घामानं भिजला होता.

त्यानं अंगठा फिरवला. एकदाच. जन्मभर बघणाऱ्या त्या अंगठ्याला डोळ्यांची गरज नव्हती.

"घाईनं मिटलंस," तो म्हणाला.

वैजयंताचं तोंड उतरलं. सगळं जग त्या दोन शब्दांत मावलं आणि बुडालं. ती रडली नाही. रडायचं कुठून सुरू करायचं हेच तिला कळेना. फक्त चंची परत घ्यायला तिनं हात पुढे केला. भैरूनं दिली नाही. मग त्याची बोटं हळूहळू उघडली, चंची वाकळेवर घसरली, आणि तो आपला तळहात बघत राहिला.

घाम आणि मेण आणि ओल. चंचीचा सारा न मुरलेला रंग त्याच्या तळव्यावर आला होता. रेषारेषांत शिरला होता, सापडेल त्या भेगेत उतरला होता. तांबूस, कषाय, ओळखीचा.

"आला," भैरू पुटपुटला. "माजा हात आला."

आणि त्यानं तो हात वाकळेखाली नेला नाही. छातीवर ठेवला, उघडा, साऱ्यांनी बघावा असा. छाती वर गेली, हात वर गेला. छाती खाली आली, हात खाली आला. वर. खाली. मग फक्त खाली.

जमलं, असं तो म्हणाला नाही. म्हणायचा राहिला. आनसाक्कानं हंबरडा फोडला, गल्ली धावत आली, आणि धुक्यात माणसं माणसांना ओळखेनात.

अंगणात पाट मांडला, पाणी तापवलं, आंघोळ घातली. आनसाक्का भावाचा तळवा घासत होती. आधी पाण्यानं, मग साबणानं, मग राखेनं. "जाताना तरी सोच्छ जाऊ द्या माज्या दादाला," ती रडत रडत घासत होती, आणि रंग फिकट होत होता पण जात नव्हता.

"ऱ्हाऊ द्या, आत्ती," वैजयंता म्हणाली. "त्यांचाच हाय त्यो."

आनसाक्कानं राख ठेवली.

आणि तेव्हा, सगळं आटोपल्यावर, ऊन आलं. सुवर्णपाद, सहस्रकर, निर्लज्ज ऊन. धुक्याचा पडदा बाजूला सारून, जणू आत्ताच निरोप मिळाल्यासारखं, ते अंगणात उतरलं आणि पहिल्याप्रथम भैरूच्या तोंडावर पडलं. सकाळी येतास तर काय बिघडलं असतं तुझं! दोऱ्या वाळू लागल्या. धावपळीत उंबऱ्याशी येऊन पडलेली चंचीही वाळू लागली, वरवरची. आतली ओल आता कधीच निघायची नव्हती.

पांढरं कापड अंथरलं. भैरूला त्यावर निजवलं. आनसाक्कानं आधी मिटलेला एक डोळा आंघोळीच्या पाण्यानं पुन्हा अर्धवट उघडला होता. त्या फटीतून तो उन्हाकडे बघतोय असं वाटत होतं.

"त्येवढा डोळा मीट गं आबाचा," आनसाक्का म्हणाली. "लेकीच्या हातानं मिटू दे."

मीट. वैजयंताचा पुढे गेलेला हात त्या शब्दापाशी अडला.

तिनं डोळ्याला हात लावला नाही. त्या पांढऱ्या कापडाचं एक टोक उचललं, बापाच्या तळहातावर ठेवलं आणि हलक्या हातानं पुसलं. गोल गोल. पातळ हातानं. शिकवलं होतं तसंच. मग टोक उलटून उन्हात धरलं.

"अजून न्हाई, आत्ती," ती म्हणाली. "अजून न्हाई मिटायचं."

आनसाक्काला काही कळलं नाही. पोरगी दुःखानं भ्रमली, असं तिला वाटलं. तिनंच पुढे होऊन भावाचा डोळा मिटला, माणसांनी तिरडीला हात घातला, आणि गल्लीनं वाट करून दिली.

वैजयंता मात्र ते टोक बापाच्या तळहाताशी धरून चालत राहिली. दारापासून गल्लीपर्यंत, गल्लीपासून घाटापर्यंत. उन्हात. डोळा मिटला होता, श्वास मिटला होता, जन्म मिटला होता. आणि पांढऱ्या फडक्यावर रंग उतरत होता, तांबूस, हलका हलका, अजून, अजून उतरत होता.