बाबांचा एसटीचा नेम

“मेधा, त्यांना हसायचं तेवढं हस, पण त्यांचा नेम तुझ्या घरात मोडू देऊ नकोस.”

सासूबाईंनी शेवटच्या आजारपणात मला हे बजावलं आणि मी हो म्हटलं. सोमवार, चतुर्थी, रोजची पूजा असं सगळं पाळणारी मी. मला त्यात काय अवघड वाटणार? बाबा कधी आमच्याकडे सिंगापूरला येतील हे तेव्हा डोक्यातही नव्हतं.

बाबा म्हणजे माझे सासरे, निशिकांतराव. राज्याच्या अगदी कडेच्या जंगलतालुक्यातून ते जिल्हा परिषदेवर निवडून जायचे. त्यांचं सगळं राजकारण एकाच गोष्टीचं: तालुक्यात रेल्वे आणायची. पहिल्याच निवडणुकीत भर सभेत ते बोलून गेले, “आपल्या गावाला गाडी येत नाही तोवर मी रेल्वेत पाय ठेवणार नाही अन् मोटारीतही बसणार नाही. तुम्ही जाता तसा एसटीनं जाईन.” टाळ्या पडल्या, बाबा निवडून आले. पुढे सर्वे झाला, खुंट्या ठोकल्या गेल्या आणि लोकांनी त्या गुरं बांधायला उपटून नेल्या. एकदा तर बाबा रेल्वेमंत्र्यांना भेटायला बस बदलत बदलत दिल्लीला गेले. पोचेपर्यंत मंत्री बदलले होते! विरोधक त्यांना पाहून तोंडानं इंजिनाची शिट्टी वाजवायचे. बाबा खिशातला हिरवा रुमाल काढून हलवायचे.

दोन हजार चौदा साली ते आमच्याकडे आले.

“विमानात कसे बसलात हो?” माझ्या नवऱ्यानं, उल्हासनं, चिडवलं.

“विमानाचं सभेत बोललो नव्हतो ना बाप्पा,” बाबा म्हणाले. मग चांगी विमानतळावरून आम्ही बॅगांसकट बसनं घरी आलो.

घराजवळ एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, नव्या लाइनचं खोदकाम चाललं होतं. बाबा रोज पत्र्याच्या कुंपणाच्या फटीतून बघत उभे राहायचे. “यांच्या खुंट्या कोणी नेत नाही,” असं मोठ्या कौतुकानं सांगायचे.

एका शुक्रवारी आमची जाई शाळेतून उड्या मारत आली. तिच्या प्रोजेक्टचा विषय आजोबाच होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जुरोंग ईस्टच्या एका हॉलमध्ये तो सगळ्यांसमोर सांगायचा होता.

“आजोबा, यू मस्ट कम लाह! प्रॉमिस?”

“येतो म्हणजे येतो.”

जुरोंग म्हणजे आमच्या घरापासून सिंगापूरचं पार दुसरं टोक. उल्हास म्हणाला, “बसनं जाल तर दिल्लीसारखं होईल. पोचेपर्यंत टाळ्यासुद्धा संपलेल्या असतील. आणि एमआरटी काय रेल्वे आहे?”

“रूळ आहेत ना?”

“मेधाला उपासाला साबुदाणा चालतो, तशी तुम्हाला एमआरटी चालेल.”

“साबुदाणा मी नाही हो ठरवला,” मी हळूच म्हटलं. “पिढ्यान् पिढ्या चालत आलाय. एमआरटीचं कुणी ठरवलं?”

बाबा हसले नाहीत. संध्याकाळी मी देवापाशी दिवा लावत होते, तिथे येऊन बसले. “पोरीला शब्द दिला. उद्या बसतो गाडीत. तुझी सासू हसेल मला.”

“हसणार नाहीत. रागावतील, आणि तेही माझ्यावर.”

पूजा झाल्याशिवाय मी घराबाहेर पडत नाही. म्हणून शनिवारी उजाडायच्या आत आंघोळ केली, देवाला फुलं वाहिली, डब्यात दशम्या भरल्या. कुठे बस बदलायची ते फोनवर पाहून ठेवलं. जाईच्या रिबिनी उल्हासच्या उशाशी ठेवल्या. आज वेण्या त्यानंच घालायच्या होत्या आणि तिला एमआरटीनं घेऊन यायचं होतं.

बाबा टोपी घालून सोफ्यावर तयार बसले होते, गावाला मतमोजणीला बसायचे तसे.

“चला बाबा, पहिली बस गाठायचीय.”

“बस?” ते उठलेच. “अन् उशीर झाला तर?”

“म्हणून तर आत्ता निघायचं.”

त्यांनी खिसा चाचपला. हिरवा रुमाल होता. मी आवाज न करता दार ओढून घेतलं आणि आम्ही दोघं स्टॉपकडे निघालो.