चौदा बोल्ट

चौतीस वर्षं अलेक्झांड्रियातल्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या माणसाने, येत्या गुरुवारी मुलीचं लग्न असताना, शुक्रवारी गाडीखाली झोपायला जाऊ नये. एवढी साधी अक्कल फिक्री सरांना होती, पण ती नेहमीप्रमाणे दोन-चार दिवस उशिरा आली.

गाडी चाळीस वर्षांची आणि इंजिनाखालचं तेलाचं चेंबर गळत होतं. नवरदेवाच्या मामांनी वरातीसाठी आपली नवी पांढरी गाडी देऊ केली, तेव्हा सर ताडकन म्हणाले होते की माझी मुलगी माझ्याच गाडीतून जाईल आणि गाडी मीच चालवीन. एकुलत्या एक शाहिनाजला हॉलच्या दारापर्यंत आपण स्वतः सोडायचं, याहून जास्त त्यांना काही नको होतं. पण तेल संपून समुद्राकाठच्या रस्त्यावर, मागे वीस गाड्या हॉर्न वाजवत असताना, इंजिन जाम झालं तर? मामांची गाडी पुढे यायला टपलेलीच होती.

गल्लीतला मेकॅनिक बय्यूमी उस्ता म्हणाला, द्या इकडे, दुपारपर्यंत पॅकिंग बदलून देतो. सरांनी त्याला हसून वाटेला लावलं. चौदा बोल्ट आणि बुचाचं एक पॅकिंग, त्याला उस्ता कशाला लागतो?

शुक्रवारची नमाज आटोपून समोरच्या कहवाखान्यातली मंडळी खुर्च्या वळवून बसली. सरांनी तेल काढलं, चेंबर उतरवलं, नव्या पॅकिंगला दोन्ही अंगांनी पावाला लोणी फासावं तसं सिलिकॉन फासलं. मग पान्याला लोखंडी नळी जोडून एकेक बोल्ट दात-ओठ खाऊन आवळला. दांडा लांब तर जोर जास्त, हे त्यांनी फळ्यावर हजारदा काढून दाखवलं होतं. जोर किती पुरे, हे पुस्तकात नव्हतं.

शेवटी नवं तेल भरून, थेंब पडतो का बघायला गाडीखाली पुठ्ठा सरकवला. शनिवारी आठ वाजता बघितलं तर पुठ्ठा कोरडा. डिपस्टिक काढली तर तेल काठोकाठ. रविवार, सोमवार, मंगळवार, तेच. सर कहवाखान्यात जाऊन बसले आणि न विचारता लोकांना बल आणि अंतर समजावून सांगू लागले. बय्यूमी समोरून गेला की त्यांचा आवाज थोडा चढायचा.

बुधवारी पहाटे लग्नाच्या काळजीने झोप उडाली म्हणून ते खाली उतरले आणि जिन्यातच थबकले. शाहिनाज गाडीखालून तेलाने काळाकुट्ट झालेला पुठ्ठा ओढून काढत होती. तिने तिथे नवा सरकवला, बॉनेट उघडलं आणि डब्यातून तेल ओतलं. सर पावलांचा आवाज न करता वर गेले आणि डोक्यावरून चादर ओढून पडून राहिले. लाजेने त्यांचे कान तापले होते.

सकाळी ते बय्यूमीच्या दारात उभे राहिले. तो पान्यांची पेटी उचलून त्यांच्यामागे आला.

"पोरगी रोज तेलाचा डबा न्यायची," तो गाडीखालून म्हणाला. "शपथ घातली होती सर, नाहीतर सांगितलं असतं."

चेंबर खाली आलं. कडा बोल्टाबोल्टापाशी वाकल्या होत्या आणि पॅकिंग चिरडून बाहेर आलं होतं. तेल गाळणाऱ्या आतल्या जाळीत सिलिकॉनचे तुकडे अडकले होते. बय्यूमीने सगळं खरवडून पुसलं, कडा लाकडावर ठेवून हलक्या हातोडीने सरळ केल्या, नवं पॅकिंग कोरडंच बसवलं आणि पाना सरांच्या हातात दिला.

"आता तुम्ही आवळा. दोन बोटांनी, समोरासमोरचे. मनगट वापरलंत तर मी तुम्हाला नापास करीन."

सर पास झाले. रात्रभर पुठ्ठ्यावर थेंब पडला नाही, आणि या वेळी तो पुठ्ठा त्यांनी स्वतः राखला.

गुरुवारी संध्याकाळी समुद्राकाठून वरात निघाली. मागे वीस गाड्या हॉर्न वाजवत होत्या, मागच्या सीटवर शाहिनाज पांढऱ्या झग्यात बसली होती. सरांचा डोळा सारखा तेलाच्या दिव्याकडे जात होता. तो काही लागला नाही. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा त्यांना राहवलं नाही.

"पाच दिवस तेल ओतलंस. मला सांगितलं का नाहीस?"

"सहावीत माझ्या गणिताच्या वहीतली उत्तरं तुम्ही रात्री गुपचूप दुरुस्त करून ठेवायचात," डोक्यावरची जाळीची ओढणी सावरत ती म्हणाली. "मी कधी बोलले का, बाबा?"

हॉर्न आधीपासूनच वाजत होते, त्यामुळे दिवा हिरवा झालेला सरांना कळलाच नाही. शिवाय डोळे भरून आल्याने समोरचं दिसतही नव्हतं. तिच्या अक्षराच्या वळणाचा तिरपा सात आपल्याला हुबेहूब काढता येतो, अशी त्यांची इतकी वर्षं समजूत होती.