जिल्हा टॉकीज

उदगीरमध्ये कुणी "जिल्ह्याला जाऊन येतो" म्हणालं, तर तो लातूरला निघालाय की पिक्चरला, हे विचारून घ्यावं लागायचं. ही सगळी माझ्या सासऱ्यांची करणी.

लातूर वेगळा जिल्हा झाला तो ब्याऐंशी साली. त्याआधी वर्षभर उस्मानाबाद जिल्हा फुटणार अशी हवा होती, आणि नवा जिल्हा उदगीरच होणार अशी माझ्या सासऱ्यांची, गुरुपादप्पांची, पक्की खात्री होती. खात्री कशावरून, तर त्यांना तसं वाटत होतं म्हणून. त्याच भरात त्यांनी टॉकीज बांधायला काढली आणि दर्शनी भिंतीवर पुरुषभर उंचीची सिमेंटची अक्षरं बसवली, 'जिल्हा टॉकीज'. अक्षरं वाळून रंग लागेपर्यंत ऑगस्ट उजाडला आणि जिल्हा लातूर झाला.

उद्घाटनाच्या दिवशी अडतीवाले माणिकप्पा भर मंडपात म्हणाले, "गुरुपादप्पा, आता टॉकीज उचला आन लातूरला नेऊन ठिवा." सगळा मंडप हसला. अप्पांनी डोक्यात राख घालून घेतली. गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवून त्यांनी माईकवरच सांगून टाकलं, "उदगीर जिल्हा झाल्याबिगर मी ह्या टॉकीजीत पिक्चर बघणार न्हाई!"

आता यात लातूरचं काय बिघडलं? सरकारचं काय बिघडलं? बिघडलं ते माझ्या सासूबाईंचं, लक्ष्मम्मांचं. घरात सगळे त्यांना अव्वा म्हणतात.

टॉकीज व्हायच्या आधी अप्पांचा पिक्चरचा फिरता तंबू होता. चाकूर, शिरूर अनंतपाळ, जिथं जत्रा तिथं तंबू. बहात्तरच्या दुष्काळात जत्राच भरेनात, तेव्हा तो तलावांच्या दुष्काळी कामांवर लागायचा. दिवसभर खडी फोडलेली माणसं संध्याकाळी येऊन पडद्यावरचा पाऊस बघत बसायची. अव्वा त्याच्याही आधी नवी नवरी होऊन आल्या त्या या तंबूतच. पण मधोमध कनात असायची, एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला पुरुष. अव्वा कनातीच्या आत, नवरा दारावर. पुढं टॉकीज झाली. तिथं कालांतराने बायकांचा वेगळा भाग गेला, नवरा-बायको शेजारी बसायला लागले. लोकांचे नवरे बसायला लागले. अव्वांचा बसेना, कारण त्याची शपथ होती.

मी चाकूरहून लग्न होऊन आले आणि वर्षभरात तिकिटाच्या खिडकीवर बसले. तेव्हापासून हा तमाशा मी डोळ्यांनी बघत आलेय. खेळ सुरू झाला की अप्पा मधल्या दाराबाहेर लोखंडी खुर्ची टाकून बसायचे. आत भांडण झालं तर टॉर्च घेऊन जायचे, पण पडद्याकडे पाठ करून. उलटे चालत आत शिरायचे! नवं गिऱ्हाईक घाबरायचं. घरी जेवताना अव्वांनी पिक्चरचा विषय काढला की म्हणायचे, "गोष्ट सांगू नकू. जिल्हा झाल्यावर बघणार हाय मी." अव्वा मुकाट्याने भाकरी वाढायच्या. मला त्या माणसाचा राग यायचा. आजही थोडा येतो.

अव्वांनी मात्र एकही पिक्चर सोडला नाही. नेहमी कडेच्या खुर्चीवर बसायच्या आणि शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवायच्या. हाऊसफुल्ल असलं तरी पिशवी उचलायच्या नाहीत. एकदा मी विचारलं तर म्हणाल्या, "एक डाव त्यांच्या शेजारी बसून बघायचा हाय गं. मग काय का होईना." एवढंच मागणं होतं बाईचं.

दोन हजार सोळाच्या दुष्काळाने टॉकीजचा निकाल लावला. तशी ती आधीच मोडकळीला आली होती. लोक फोनवर पिक्चर बघतात, आमच्याकडे कोण येणार? त्यात बोअर आटला. कूलर बंद, संडासाला पाणी नाही. लातूरला पाण्याची रेल्वे आली, ती टीव्हीवर बघून अप्पा म्हणाले, "बघ शिवकन्या. रेल्वेसुद्धा जिल्ह्यालाच जाती." तहानलेल्या गावावर जळणारा असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पण चार दिवसांनी टॉकीजच्या टाकीत उरलेलं पाणी त्यांनीच गल्लीला वाटून टाकलं, हेही सांगायला हवं.

माझ्या नवऱ्याने, रेवणसिद्धने, टॉकीज विकायचं ठरवलं. तिथं मंगल कार्यालय होणार होतं. अप्पा एकदाच म्हणाले, "मोडा." एका रविवारी तीनचा खेळ शेवटचा म्हणून लावला. जत्रेत ताटातूट झालेल्या मायलेकरांचा जुना पिक्चर होता, आमच्याकडे पूर्वी तीनदा लागून गेलेला. इतकी वर्षं अव्वांनी पिशवी ठेवलेली खुर्ची आता भंगारात जाणार होती, आणि मागणं तसंच राहणार होतं.

आणि दुपारी चौकात फटाके वाजले.

रेवणसिद्ध फोन नाचवत आला. "अप्पा! झाला! उदगीर जिल्हा झाला! सगळ्यांच्या फोनवर आलंय!" अप्पांनी त्याच्याकडून तीनदा वाचून घेतलं. मग घरात गेले, धुतलेलं धोतर नेसून, फेटा बांधून बाहेर आले. पंच्याऐंशीच्या घरातला माणूस, पण नवरदेवासारखा दिसत होता. अव्वांनी घाईघाईने नवं लुगडं काढलं. मी त्यांच्या डोक्यात मोगरा माळला तर लाजल्या.

माझा भाऊ लातूरला कलेक्टर कचेरीत आहे. आनंदाची बातमी म्हणून मी त्याला फोन लावला. तो हसायलाच लागला. "ताई, दर सहा महिन्यांनी फिरतोय हा मेसेज. काही झालेलं नाही."

मी फोन ठेवला. रेवणसिद्धला बाजूला घेऊन सांगितलं. तो म्हणाला, "कुणाला बोलू नकू. तीन तास तर काढायचेत. उद्या कळलं तर कळलं." मलाही तेच पटलं. खोटं तर खोटं, बाईची इच्छा तर पुरी होते! मी तोंड शिवून खिडकीवर बसले. पण आयुष्यभर मला चेहरा लपवता आलेला नाही. अव्वा तिकिटाच्या खिडकीसमोर येऊन उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या.

"काय झालंय?"

"काही न्हाई अव्वा. जा तुमी आत."

"शिवकन्या. खरं सांग."

मी सांगितलं. त्यांनी खिडकीचे गज घट्ट धरले.

मी हात जोडले. "अव्वा, पाया पडते, आजच्या दिवस बोलू नका."

त्या मधल्या दाराकडे गेल्या, मी मागोमाग. आत दिवे विझले होते, पडद्यावर नावांच्या पाट्या सुरू झाल्या होत्या. अप्पा दारावरचा पडदा बाजूला सारून उंबऱ्याशी उभे होते. एक पाय उचललेला, मान अजून खालीच. अव्वांनी त्यांची बाही धरली.

"अवो, थांबा. ते खोटं हाय."

"काय खोटं?"

"जिल्हा. कुणीतरी उगं सोडलंय. हिच्या भावाला इचारलं."

अप्पांनी पाय मागे घेतला. त्यांचा चेहरा माझ्याच्याने बघवेना. म्हणाले, "तुला ठाऊक होतं, तर गप बसायचं की. बसलो असतो तुझ्या शेजारी."

"बसला असता. आन मी काय पिक्चर बघितला असता? चोरी केल्यावानी वाटलं असतं मला."

ते खुर्चीवर जाऊन बसले, फेटा काढून मांडीवर ठेवला. मला वाटलं, आता अव्वा तरी आत जातील. मी तसं म्हणालेही. त्यांनी मान हलवली, माझ्या खिडकीतलं स्टूल उचलून नेलं आणि अप्पांच्या शेजारी टाकून बसल्या. पिशवी पायाशी ठेवली.

मी मधल्या दाराला बाहेरून कडी घातली. फुकटे शिरू नयेत म्हणून आमच्याकडे तशीच पद्धत होती. आत मोजकीच माणसं होती आणि बाहेर ही दोघं. रागावू की रडू, मला समजत नव्हतं.

आतून आवाज येत होता. अप्पा कान देऊन म्हणाले, "आता ती गिरणीत कामाला लागली."

"कोण?"

"माय. शिट्टी वाजली न्हाई का गिरणीची?"

"रेल्वेची हाय ती. रेल्वेत बसून लेकराला हुडकायला निघालीय."

"रेल्वे व्हय?" अप्पा विचारात पडले. "मी इतकी वर्षं गिरणीच समजायलो होतो."

मग ते एकेक विचारायला लागले. गोष्ट सांगू नको म्हणणारा माणूस स्वतःहून विचारत होता. हा कोण ओरडला, ही का हसली, आता गाणं चाललंय ते शेतात का घरात? अव्वा सांगत होत्या. हळूहळू त्यांचा आवाज मोकळा झाला, हातवारे सुरू झाले, एकदा तर नायिकेची नक्कलही करून दाखवली. लग्नाला पन्नासच्या वर वर्षं झाली असतील. ही दोघं इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

शेवट जवळ आला तसे अप्पा सवयीने उठले. पिक्चर संपायच्या आधीच दारं उघडायची, म्हणजे गर्दी तुंबत नाही. त्या गडबडीत त्यांना शेवट कधी ऐकूच आला नव्हता. अव्वांनी त्यांचं मनगट धरलं.

"बसा. दार शिवकन्या उघडंल."

ते बसले. आत कुणीतरी हाक मारली, कुणीतरी ओ दिली. मग नुसतं संगीत, आणि तेही थांबलं.

"संपला?" अप्पांनी विचारलं.

"संपला."

"भेटले का मायलेकरं?"

"भेटले की."

"मला वाटायचं, भेटत न्हाईत. मानसं भायेर पडताना डोळे पुसत असायची."

"भेटले म्हनून पुसायची," अव्वा म्हणाल्या.

अप्पांनी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि तिथंच ठेवला. आतून लोक दार वाजवायला लागले, "ओ, उघडा की!" म्हणून ओरडायला लागले. कडी माझ्या हातात होती. थोडा वेळ वाजवू दे, म्हटलं, आणि डोळे पुसत तशीच उभी राहिले.